बेशरेल: फ्रेंच वर्तमानकाळासाठी हे पुस्तक घ्यावं का?

फ्रान्समध्ये क्रियापदाच्या रूपाबद्दल शंका आली की 'बेशरेलमध्ये बघ' असं म्हणतात. लुई-निकोला बेशरेल (१८०२–१८८३) हे व्याकरणकार. त्यांनी भावासोबत १८४२ साली क्रियापदं चालवण्याची एक पुस्तिका काढली होती. आज पॅरिसचं आत्ये प्रकाशन त्यांच्याच नावानं जे जाडसर पुस्तक छापतं त्यात हजारो क्रियापदं आहेत. आपल्याकडे फ्रेंच शिकायला सुरुवात करणाऱ्यांना हे पुस्तक घ्यायला सांगितलं जातं, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: आत्ता तर साधा वर्तमानकाळच चालला आहे, तेवढ्यासाठी हे घ्यायचं का? हे परीक्षण तेवढ्याच प्रश्नापुरतं आहे.

एक खुलासा आधीच. पुढे फ्रेंच अक्षरं सांगताना त्यांची इंग्रजी नावं वापरली आहेत: ई-आर म्हणजे ई आणि आर ही दोन अक्षरं. उच्चार वेगळा दिला आहे. 'मी' या अर्थाचं सर्वनाम 'ज' असं लिहिलं आहे; तो 'प्लेझर'मधल्या 'झ'सारखा घासून म्हणायचा. 'त्यु' म्हणजे तू, 'इल' म्हणजे तो किंवा ते, 'नू' म्हणजे आम्ही आणि 'वू' म्हणजे तुम्ही.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना या पुस्तकाची रचना सांगावी लागत नाही. ही फ्रेंचची धातुरूपावली आहे. 'पठ्' चालवता आला की 'वद्' चालतो, तसं इथे एक नमुना क्रियापद आणि त्याच्यामागे चालणारी शेकडो. मध्यभागी पानापानाला एक नमुना, त्याचे सगळे काळ आणि 'अर्थ' (स्वार्थ, आज्ञार्थ वगैरे) एकाच पानावर. शेवटी सर्व क्रियापदांची अकारविल्हे सूची, आणि सूचीत प्रत्येकासमोर तो कोणत्या नमुन्यासारखा चालतो त्याचा क्रमांक. तुम्हाला 'त्राव्हाये' म्हणजे काम करणे हवं असेल तर तक्त्यांत शोधत बसू नका. सूचीत शोधा, क्रमांक घ्या, त्या पानावर जा, आणि तिथली शेवटं आपल्या धातूला लावा. वर्तमानकाळाचा (संस्कृतातल्या लट् लकाराचा) चौकोन पानाच्या सुरुवातीलाच, डावीकडे वर असतो. पुस्तक संपूर्ण फ्रेंचमध्ये आहे, पण वर्तमानकाळापुरते दोनच शब्द ओळखता आले की पुरे: 'अँदिकातीफ' म्हणजे स्वार्थ (साध्या विधानाची रूपं) आणि 'प्रेझाँ' म्हणजे वर्तमानकाळ. 'सुब्जाँक्तीफ' (इच्छा, शंका वगैरे दाखवणारी रूपं) या शीर्षकाखालीही एक 'प्रेझाँ' असतो. नवखे हमखास त्या दुसऱ्या चौकोनातली रूपं उतरवून घेतात. ई-आर क्रियापदांत एकवचनाची रूपं दोन्हीकडे सारखीच असल्यानं चूक लवकर लक्षातही येत नाही. 'नू' आणि 'वू'च्या रूपांत मध्येच एक आय दिसला की समजायचं, चुकीच्या चौकोनात आलो.

फ्रेंच क्रियापदांपैकी दहातली नऊ ई-आरनं संपतात, आणि नियमित वर्तमानकाळ म्हणजे मुख्यतः हीच. रीत सोपी आहे. ई-आर काढा, उरतो तो धातू. त्याला सहा शेवटं लावा: ई, ई-एस, ई, ओ-एन-एस, ई-झेड, ई-एन-टी. 'पार्ले' म्हणजे बोलणे हे घेतलं तर: ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. लिहिताना पाच वेगळी रूपं होतात, ऐकताना तीनच. चार ठिकाणी नुसतं 'पार्ल' आहे.

पुस्तकाची सर्वांत मोठी उणीव इथेच दिसते. तक्त्यात उच्चार नाही. फ्रेंच मुलाला तो लागत नाही, कारण तो बोलायला शिकूनच शाळेत येतो आणि त्याला फक्त लिहायचं कसं ते हवं असतं. हे पुस्तक मुळात त्याच्यासाठी केलेलं आहे. आपलं उलटं असतं. आपण अक्षर बघून वाचतो, आणि देवनागरीत लिहिलेलं सगळं वाचायची सवय हाडात मुरलेली असते. मग ई-एन-टी दिसलं की तोंडातून 'पार्लाँ' निघतं. 'व्हाँ' म्हणजे वारा या शब्दातलं ई-एन-टी 'आँ' असंच म्हणतात, त्यामुळे चूक तर्काला धरूनच होते. क्रियापदाच्या अनेकवचनी 'इल'च्या रूपात मात्र शेवटचं ई-एन-टी मुकं असतं. ही एक ओळ पुस्तकाच्या कव्हरच्या आत पेनानं लिहून ठेवण्यासारखी आहे.

उच्चारासाठी जोडीला फ्रेंच विक्शनरी हा ऑनलाइन शब्दकोश वापरावा. फुकट आहे, आणि तिथल्या रूपावलीत प्रत्येक रूपासमोर ध्वनिलिपीत उच्चार दिलेला असतो. शिकताना विक्शनरीतून कान तयार करायचा आणि लिहिताना बेशरेलमधून डोळा.

ई-आर क्रियापदांचा पहिला नमुना म्हणून पुस्तकात 'एमे' म्हणजे आवडणे, प्रेम करणे हे क्रियापद येतं. शिकाऊ माणसासाठी ही निवड थोडी अडचणीची आहे. ते स्वरानं सुरू होतं, म्हणून 'ज'चा शेवटचा स्वर गळतो आणि 'जेम' असं एकजीव होतं. अनेकवचनात सर्वनामाच्या शेवटचा एस जागा होऊन 'झ' ऐकू येतो: नूझेमों, वूझेमे, इलझेम. म्हणजे पहिल्याच पानावर शेवटांसोबत संधीही शिकायचा. वर्गात सुरुवात 'पार्ले'नं करावी आणि दुसऱ्या दिवशी 'एमे'वर यावं. 'एमे'चा एक मोठा फायदा मात्र आहे. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' ही दोन्ही ऐकायला 'इल पार्ल'च, वाक्याच्या संदर्भाशिवाय फरक कळत नाही. पण 'इलेम' म्हणजे एकच माणूस आणि 'इलझेम' म्हणजे अनेक, हे त्या 'झ'मुळे स्वच्छ ऐकू येतं. 'आबिते' म्हणजे राहणे, 'एकुते' म्हणजे ऐकणे, यांनाही हेच लागू आहे. श्रवणचाचणीत या 'झ'वर कान ठेवावा.

नाकातला 'ओं' हा 'नू'च्या रूपाचा शेवट. पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्याला तो 'ओन' असा न वाजवून म्हणायला वेळ लागतो. कोकणी किंवा मालवणी घरात बोलणाऱ्यांना तो लगेच जमतो, कारण नाकातले स्वर त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत.

आता मराठी माणसाला फुकट मिळणारी एक गोष्ट, जी कोणत्याही फ्रेंच पुस्तकात सापडणार नाही. 'त्यु'च्या रूपाला शेवटी एस लागतो, आणि इंग्रजीतून शिकणारे तो सतत विसरतात, कारण तो ऐकूच येत नाही. आपण म्हणतो: तू बोलतोस, तू जातेस. 'तू येशील'मध्ये 'स' नाही, पण आत्ताच्या क्रियेला 'तू' आला की 'स' आलाच. फ्रेंचमध्येही 'त्यु' आला की एस. संस्कृतात वदसि, वदति, वदन्ति. लॅटिनमध्ये 'प्रेम करणे' चालवलं तर अमास, अमात, अमांत. फ्रेंच लॅटिनचीच लेक. तेव्हा तिच्या 'त्यु'चा एस हा 'वदसि'मधल्या 'सि'चा सख्खा नातलग आहे, आणि न उच्चारलं जाणारं ई-एन-टी 'वदन्ति'मधल्या 'न्ति'चा. एवढं सांगितलं की संस्कृत झालेला विद्यार्थी ही दोन शेवटं पुन्हा चुकत नाही. ई-आर क्रियापदांत 'त्यु'च्या एसला वर्तमानकाळात एकही अपवाद नाही. पुढे 'शकणे' आणि 'हवं असणे' यांसारख्या मोजक्या अनियमित क्रियापदांत एसच्या जागी एक्स येतो, तेवढंच.

त्याच पानावर खाली आज्ञार्थाचा चौकोन असतो. तिथे 'एम' हे रूप एसशिवाय छापलेलं दिसेल. ती छापायची चूक नाही. ई-आर क्रियापदांच्या 'तू'साठीच्या आज्ञेत एस लिहीत नाहीत. 'आँ' किंवा 'ई' ही छोटी सर्वनामं लगेच मागे आली तरच उच्चारासाठी तो परत येतो.

तक्त्यात सहाच ओळी असतात, आणि 'ऑं' या सर्वनामाला वेगळी ओळ नसते. बोलीत फ्रेंच माणूस 'आम्ही' म्हणताना बहुतेक वेळा 'नू' वापरतच नाही, 'ऑं' वापरतो आणि क्रियापद 'इल'सारखं चालवतो: ऑं पार्ल. याला मराठीत शब्द आहे, 'आपण'. 'आपण चहा घेऊ' यातला 'आपण' आणि 'आपण मोठ्यांचं ऐकावं' यातला सर्वसाधारण 'आपण', दोन्हींची कामं 'ऑं' करतो. तक्त्यात 'इल'च्या ओळीवर पेन्सिलीनं 'ऑं' लिहून टाका.

'वू'बद्दल आपल्याला फारसं सांगायला नको. तू आणि तुम्ही यातला भेद आपल्या तोंडी आहेच. 'वू' एका मोठ्या माणसासाठीही चालतो, क्रियापद तेच. लिहिताना सांभाळायची गोष्ट दुसरी: 'पार्ले' हे मूळ क्रियापद ई-आरनं, 'वू पार्ले' ई-झेडनं, आणि भूतकाळी धातुसाधित वर उजवीकडे झुकणारी खूण असलेल्या ई-नं लिहितात, पण तिघांचा उच्चार एकच. फ्रेंच लोकही इथे चुकतात. वर्तमानकाळापुरता नियम असा: लगेच आधी 'वू' कर्ता असेल तर ई-झेड.

मराठीतून येणारी एक खास चूक सांगायलाच हवी. 'मी बोलतोय', 'मी बोलत आहे' याचं फ्रेंच करताना विद्यार्थी 'आहे'साठी 'स्वी' शोधतो आणि 'ज स्वी पार्ले' लिहितो. फ्रेंचमध्ये मी बोलतो आणि मी बोलतोय या दोन्हींना 'ज पार्ल' पुरतं. क्रिया ह्या क्षणी चालू आहे हे ठासून सांगायचंच असेल तर वेगळा वाक्प्रयोग आहे, पण तो रोजच्या वाक्याला लावायचा नसतो. दुसरीकडे एक सवलतही मिळते: बोलतो-बोलते असा लिंगभेद फ्रेंच वर्तमानकाळात नाही. मुलगा असो की मुलगी, 'ज पार्ल'.

पुस्तकाचे पैसे वसूल होतात ते 'एमे'च्या पुढच्या पानांवर. ही सगळी क्रियापदं नियमित म्हणूनच शिकवतात, शेवटं तीच सहा, पण धातू थोडा हलतो. वर्गाच्या टिपणांत हा भाग नेहमी घाईत आटोपलेला असतो, आणि परीक्षेतले गुण इथेच जातात.

'मांजे' म्हणजे खाणे. जी या अक्षरानंतर ई असेल तर उच्चार मऊ, ओ असेल तर 'ग'. धातूला थेट ओ-एन-एस लावलं तर 'मांगों' होईल. म्हणून 'नू'च्या रूपात ई ठेवून मग ओ-एन-एस लावतात, उच्चार 'मांजों'. 'कोमाँसे' म्हणजे सुरू करणे, त्याचंही तसंच: सीनंतर ओ आला तर 'क' होतो, म्हणून सीच्या खाली शेपटी जोडतात, तिला 'सेदीय' म्हणतात, आणि 'कोमाँसों' टिकतं. मराठीत 'चार' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे 'च' आपण एकाच अक्षरानं लिहितो आणि वाचणाऱ्यावर सोडतो. फ्रेंच लिहिणारा मात्र खूण करतो. दोन्हींत बदल फक्त 'नू'च्या ओळीत, बाकी पाच ओळी सरळ.

'आश्ते' म्हणजे विकत घेणे, आणि 'आप्ले' म्हणजे बोलावणे. या दोघांवर थोडं थांबायला हवं. दोन्हींच्या धातूत शेवटच्या व्यंजनाआधी एक ई आहे, जो बोलताना जवळजवळ गळतो. पण ज, त्यु, इल आणि अनेकवचनी इल, या चार रूपांत शेवट मुका असतो. शेवट मुका झाला की बोलण्याचा भार मागच्या ई-वर येतो आणि तो उघडा 'ए' म्हणावाच लागतो: जाशेत, जापेल. हा 'ए' कागदावर दाखवायच्या फ्रेंचच्या दोन रीती आहेत. 'आश्ते'मध्ये ई-वर डावीकडे झुकणारी ग्राव्ह खूण देतात, 'आप्ले'मध्ये एल दोनदा लिहितात. 'नू' आणि 'वू'मध्ये शेवट उच्चारला जातो, भार पुढे सरकतो, म्हणून तिथे धातू मूळचाच: नूझाश्तों, वूझाप्ले. कोणत्या क्रियापदाला खूण आणि कोणाला दुहेरी अक्षर हे कानानं कळत नाही. सूचीतला क्रमांक बघणं हाच उपाय, आणि एवढ्या क्रियापदांची सूची हाताशी असण्याचा खरा उपयोग इथे आहे. १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेनं हा गोंधळ बराच कमी केला: 'आप्ले', 'जते' (फेकणे) आणि त्यांच्या घराण्यातली क्रियापदं सोडून बाकीच्यांना खूणच द्यावी असं ठरलं. जुनं लेखनही चूक मानत नाहीत, म्हणून दोन पुस्तकांत दोन रूपं दिसली तर घाबरू नये.

'प्रेफेरे' म्हणजे जास्त आवडणे. इथे धातूतल्या ई-वर आधीच उजवीकडे झुकणारी एग्यू खूण आहे. त्याच चार रूपांत ती फिरून ग्राव्ह होते. पहिल्या ई-ची खूण मात्र हलत नाही, बदलते ती दुसऱ्याची. विद्यार्थी दोन्ही फिरवतात.

वायवाल्यांत 'नेत्वाये' म्हणजे साफ करणे आणि 'एस्वीये' म्हणजे पुसणे यांचा वाय त्या चार रूपांत आय होतोच. 'पेये' म्हणजे पैसे देणे याला आय आणि वाय दोन्ही चालतात. 'एत्युद्ये' म्हणजे अभ्यास करणे: धातू आयनं संपतो, तो आय सहाही रूपांत ठेवायचा. 'नू'मध्ये तो गाळून टाकणं ही नेहमीची चूक.

पानावर ही अडचणीची अक्षरं रंगानं उठून दिसतात, आणि खाली त्या नमुन्याबद्दल दोन-चार ओळींची टीप असते. ती टीप वाचाच. भाषा सोपी आहे, शब्दकोश घेऊन दहा मिनिटं लागतील.

आय-आर आणि आर-ई यांच्याबाबत एक गोंधळ ठरलेला. आपल्याकडची इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं नियमित क्रियापदांचे तीन प्रकार देतात: ई-आर, आय-आर, आर-ई. फ्रेंच परंपरेत तिसरा गट म्हणजे उरलेल्या सगळ्यांचं गाठोडं, आणि 'व्हाँद्र' म्हणजे विकणे हे तिथेच बसतं. म्हणून बेशरेलमध्ये 'नियमित आर-ई' असं शीर्षक शोधू नका. 'राँद्र' म्हणजे परत देणे या नमुन्याखाली ते मिळेल. दुसऱ्या गटाचा नमुना 'फिनीर' म्हणजे संपवणे: एकवचनात तिन्ही वेळा 'फिनी', आणि अनेकवचनात मध्ये डबल एस येऊन फिनिसों, फिनिसे, फिनिस. इथे एकवचन-अनेकवचन कानानंच कळतं. पण 'पार्तीर' म्हणजे निघणे आणि 'उव्रीर' म्हणजे उघडणे, हीही आय-आरनं संपतात आणि या नमुन्यानं चालत नाहीत. 'उव्रीर' तर वर्तमानकाळात चक्क ई-आरची शेवटं घेतं. शंका आली की पुन्हा सूची.

पुस्तक वापरायची एक पद्धत, ए-वन या सुरुवातीच्या पातळीच्या डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना पुरेल अशी. दहा क्रियापदं घ्या: पार्ले, आबिते, त्राव्हाये, मांजे, कोमाँसे, आश्ते, आप्ले, प्रेफेरे, पेये, एत्युद्ये. सूचीतून प्रत्येकाचा क्रमांक काढून वहीत लिहा. रोज दोनच. आधी विक्शनरीतला उच्चार बघून चार सारखी रूपं एका दमात म्हणा, मग 'नू', मग 'वू'. पुस्तक मिटून सहाही लिहा. तपासताना शेवट आणि धातू वेगळे तपासा: पहिल्या फेरीत फक्त सहा शेवटं, दुसऱ्या फेरीत फक्त खुणा आणि दुहेरी अक्षरं. एकत्र तपासलं की डोळा शेवटावर खिळतो आणि 'प्रेफेरे'ची खूण निसटते. आठवड्यात साठ रूपं हाताखालून जातात.

मग घ्यावं का? सहा-आठ महिन्यांचा एखादाच वर्ग करायचा असेल तर वर सांगितलेली दहा क्रियापदं आणि विक्शनरी पुरेशी आहे, पैसे वाचवा. पुढे भूतकाळ, भविष्य, सुब्जाँक्तीफपर्यंत जायचं असेल तर आत्ताच घ्या, कारण सूची वापरायची सवय सोप्या काळातच लागते. आयात केलेली प्रत इथे फ्रान्सपेक्षा महाग पडते, तेव्हा जुनी मिळाली तर खुशाल घ्यावी; १९९० च्या सुधारणेतली मोजकी सोडली तर वर्तमानकाळाची रूपं आवृत्तीगणिक बदलत नाहीत. तक्त्यांचे क्रमांक मात्र बदलले आहेत. मैत्रिणीच्या नव्या प्रतीतल्या सूचीची झेरॉक्स काढून ती आपल्या जुन्या प्रतीच्या तक्त्यांना लावली तर 'आप्ले' शोधताना भलतंच पान उघडेल. सूची आणि तक्ते एकाच प्रतीतले हवेत, आणि जुनी प्रत घेताना मागची सूचीची पानं शाबूत आहेत ना, हे आधी उलटून बघावं.